दसऱ्याच्या पूजेतलं पिस्तूल

दसरा जवळ आला की गोडादरा वस्तीतल्या एका घरातली ती देवाची खोली आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा मी सुरतेत पोलीस निरीक्षक होतो. दसऱ्याच्याच दुपारी ठाण्यात खबर आली, लूमच्या एका कारखानदाराच्या बायकोला पोटात गोळी लागली. हा मालक मूळचा खानदेशातला, परवान्याचं पिस्तूल कमरेला लावून हिंडणारा. त्यानं फिर्याद दिली की, नुकत्याच कामावरून काढलेल्या कारागिरानं देवाच्या खोलीच्या खिडकीतून गोळी झाडली. बाई ऑपरेशन टेबलावर होती, तिचा जबाब मिळणं शक्य नव्हतं. कारागिराला आम्ही उचललं. बाई दगावली असती तर त्याच्यावर खुनाचाच गुन्हा लागला असता.

तोही खानदेशातलाच. एकच वाक्य बोलत राहिला, "साहेब, मी घरना बाहेर गयाच नही."

असं सगळेच म्हणतात. पण समोरच्या घरातल्या बाईनं मला बाजूला बोलावलं. "मी ओट्यावर झेंडूच्या माळा करत होते. खिडकीजवळ कुणी फिरकलंच नाही, साहेब. आवाज आतूनच आला."

मी मालकाचं पिस्तूल मागवलं. "ते कपाटात होतं, रिकामं," तो ठासून म्हणाला. पिस्तूल पुसून लख्ख केलेलं होतं. घाईनं पुसणाऱ्याचं कुठेतरी राहतंच. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, खाचांत कुंकू होतं आणि घोड्यामागे लाल धाग्याचा तंतू अडकला होता. खानदेशी घरांत दसऱ्याला हत्यारं पुजतात, त्यांना लाल नाडा बांधतात. पिस्तूल तपासणीला पाठवलं.

मग मालकासमोर ठाण्यातलं तसंच पिस्तूल ठेवलं, आत कवायतीच्या नकली गोळ्या भरून. म्हटलं, "शेठ, पूजेआधी कसं रिकामं केलंत, दाखवा."

पूजेचं नाव काढताच तो चपापला. पण रिकामं करणं आपल्याला येतं, याची त्याला खात्री होती. त्यानं आधी स्लाइड खेचली. एक गोळी उडून टेबलावर पडली. मग मॅगझिन काढलं. "हे पाहा, रिकामं!"

मी ते हातात घेतलं, नळी वाळूच्या पेटीकडे धरली आणि स्लाइड पुन्हा खेचली. आतून दुसरी गोळी बाहेर पडली.

मॅगझिन आत असताना स्लाइड खेचली की पुढची गोळी नळीत चढते, हे त्याच्या गावीही नव्हतं. घोड्याभोवतीच्या कड्यातून नाडा ओवून त्यानं गाठ आवळताच घोडा दाबला गेला होता आणि समोर बायको आरतीचं ताट घेऊन उभी होती.

"मनाच हातथून सुटनी साहेब," तो हुंदके देत म्हणाला. अटकेच्या भीतीनं त्यानं दुसऱ्याचा गळा पुढे केला होता. मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

बाई वाचली. त्यानंतर परवानाधारकांना मी एवढंच सांगत आलो: नळी माणसाकडे नको, आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड खेचा, आत डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा. पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. आणि पूजा करायचीच तर त्याला नाडा बांधू नका.

कारागिराला सोडलं तेव्हा त्यानं दारात थांबून विचारलं, "मालक घाबरनात, म्हनीसन खोटं बोलनात, ते समजनं. पन त्यासले मनंच नाव काबरं याद उनं?"

मी त्याच्यासाठी रिक्षा बोलावली.