तायमीची घसरखुर्ची आणि रेयोची खडी

दूर उत्तरेकडच्या हौकिलाम्पी गावात हिवाळ्याला कुणी नावं ठेवत नाही. नावं ठेवायला तोंड उघडावं लागतं, आणि उणे अठ्ठावीस अंशांत विनाकारण तोंड उघडणारा माणूस इथे फार काळ टिकत नाही. ऑक्टोबरअखेर बर्फ येतो, एप्रिलअखेर जातो. मधले सहा महिने ज्याचे त्यानं निभवायचे.

तायमी ते अठ्ठ्याहत्तर वर्षं निभावत आली होती. सहाला उठायचं, चुलीत बर्च झाडाची लाकडं सारायची, कॉफी टाकायची आणि मग दारातला बर्फ काढायचा. बर्फ उचलायचा नसतो, ढकलायचा असतो, हे तिचं ठाम मत होतं. उचलणाऱ्यांच्या कमरांचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. पायरीपासून लाकडांच्या शेडपर्यंत वाट झाली की दोन जोड लोकरी मोजे, त्यावर जाड बूट, अंधारात गाडीवाल्यांना दिसावी म्हणून कोटाला लटकणारी चमकपट्टी, आणि नऊच्या सुमारास जरा फटफटलं की घसरखुर्ची.

दोन लांब पोलादी पात्यांवर बसवलेली लाकडी खुर्ची, एवढंच ते वाहन. खुर्चीवर सामान ठेवायचं, मागे एका पात्यावर एक पाय रोवायचा आणि दुसऱ्या पायानं बर्फ मागे लोटत सुटायचं. तायमीचा खुब्याचा सांधा चालताना बोंब मारायचा, पण घसरखुर्चीवर निमूट बसायचा. घट्ट बसलेल्या बर्फावर तिला अडीच किलोमीटर जायला अर्धा तास पुरे होता. खुर्चीवर कॉफीचा थर्मास आणि टॉवेलात गुंडाळलेला गोड पाव ठेवून ती रोज वृद्धाश्रमात जायची. तिथे तिचा नवरा होता.

आर्वो एकतीस वर्षं गावाचा रस्ता ट्रॅक्टरनं मोकळा करत आला होता. आता त्याच्या डोक्यातलं बाकी सगळं वितळून गेलं होतं, रस्ता तेवढा उरला होता. तायमीचं नाव आठवायचं, चेहरा नाही. तो खिडकीशी बसायचा. तळ्याकडच्या उतारावरून पात्यांचा करकर आवाज आला की म्हणायचा, "तायमी आली." मग ती आत येऊन हातमोजे काढायची. तो तिचे गारठलेले हात आपल्या हातात घेऊन चोळायचा आणि ठरलेला प्रश्न विचारायचा, "रस्ता कसा होता?"

"दफनभूमीच्या वळणावर बर्फ साचलाय."

"तिथे दरवर्षी साचतो," तो समाधानानं म्हणायचा, आणि मग पाव खायचा. नर्सबाईंच्या हातून तो काही खायचा नाही. त्याच्या अंगावर जे काही मांस होतं ते या अर्ध्या तासाच्या जोरावर होतं, आणि तायमीला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी जानेवारीत आभाळाला अवदसा आठवली. भर थंडीत एक दिवस पाऊस पडला, दुसऱ्या दिवशी तो रस्त्यावरच गोठला, आणि रस्त्याची काच झाली. दोन गाड्या रस्त्याकडेच्या चारीत गेल्या. रस्ता गावकऱ्यांच्या सामायिक मालकीचा, त्यामुळे निर्णयही त्यांचाच. त्यांनी ठरवलं की बारीक खडी टाकायची. रेयोनं टाकली. आर्वोच्या हाताखाली शिकलेला, पन्नाशीचा, शब्दांचा महाकंजूस माणूस. पण काम असं की खडी या कडेपासून त्या कडेपर्यंत, पोळीला तूप लावावं तशी एकसारखी.

तायमीची घसरखुर्ची फाटकाबाहेर पडली आणि तिथेच खच्चकन थांबली. पाती खडीत रुतली, थर्मास पुढे उडाला आणि तायमी दांडीवर पालथी पडली.

टपालवाली राइली मागून गाडी घेऊन येत होती. तिनं काच खाली केली. "काय गं तायमी, इथेच पथारी टाकणार आहेस का? बस गाडीत. आश्रमावरूनच जातेय."

गाडीत इतकं ऊबदार होतं की तायमीला डुलकी आली. पण आश्रमात आर्वोनं तिचे ऊबदार हात हातात घेतले, जरा वेळ धरले आणि अदबीनं सोडून दिले.

"नर्सबाई, माझी बायको आली नाही अजून," तो म्हणाला. "रस्ता बंद असणार."

पाव टॉवेलातच राहिला. दुसऱ्या दिवशी राइलीच्या गाडीतून उतरल्यावर तायमीनं दोन मिनिटं बर्फात हात खुपसले. हात गार झाले, पण पात्यांचा आवाज कुठून आणणार? आर्वो खिडकीबाहेर कान लावून बसला होता, तो बसूनच राहिला.

तिसऱ्या दिवशी तायमीनं शेडमधून खराटा काढला.

ही गोष्ट कुणाला सांगितली असती तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं, म्हणून तिनं सांगितली नाही. रस्त्याच्या डाव्या कडेनं, घसरखुर्चीची पाती मावतील एवढाच पट्टा ती झाडत निघाली. मागे घसरखुर्ची दोरीनं बांधलेली. खडी चारीत, चार पावलं पुढे, पुन्हा खडी चारीत. पापण्यांवर बर्फ धरायचा, तो बोटानं पुसायचा. सहा सकाळी लागल्या. त्या सहा दिवसांत झाडायच्या उरलेल्या खडीवरून घसरखुर्ची ओढत ती आश्रमात दुपारी बाराला पोचायची, खुबा ठणकत असायचा, पण उतारावरून पात्यांवर घसरत जायची.

"उशीर केलास," आर्वो हात चोळत म्हणायचा. "रस्ता खराब दिसतोय."

"खराबच आहे," तायमी म्हणायची, आणि पाव संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची. तिला फार फार बरं वाटायचं. पट्टा पूर्ण झाल्यावर तर ती दहाच्या ठोक्याला हजर व्हायला लागली.

गावातल्या टपालपेट्या एका ओळीत, एका फळीवर उभ्या आहेत. रस्त्याच्या डाव्या कडेला.

आठवडाभरानं राइली तिथे गाडीतून उतरली. खडी टाकली आहे म्हणून बिनधास्त पाऊल टाकलं, आणि पाय सटकून मनगटावर पडली. मनगट मोडलं.

शनिवारी रस्त्याच्या मंडळींची बैठक जुन्या शाळेत भरली. इथल्या बैठकीत कॉफीचा दुसरा कप भरल्याशिवाय कामाचं कुणी बोलत नाही. तोवर सगळे आपापल्या कपाकडे बघतात. दुसरा कप भरला आणि अध्यक्ष क्युलिक्की, जी पूर्वी याच खोलीत गणित शिकवायची, तिनं घसा साफ केला.

"रेयो, डाव्या कडेला खडीचा दाणा नाही. मी स्वतः बघून आले."

"टाकली होती," रेयो म्हणाला.

"मग काय पाखरांनी खाल्ली?"

"कडेपर्यंत टाकली होती. आर्वोनं तसंच शिकवलंय."

"आर्वोचं नाव घेऊ नकोस. आर्वो कामावर असता तर राइलीचा हात धड असता." क्युलिक्कीनं राइलीच्या गळ्यात बांधलेल्या प्लास्टरकडे बोट केलं. "पुढच्या हिवाळ्याला दुसरा माणूस बघावा, असं माझं मत आहे."

रेयो कपाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. इतर लोकही कपाकडे बघत होते, आणि इथे त्याचा अर्थ होकार असा होतो.

खाई त्याला खवखवे. तायमीच्या तोंडातला पाव फिरायला लागला. गप्प बसणं सोपं होतं. बोललं की पट्टा गेला, आणि पट्टा गेला की आर्वोचा घास गेला. हा हिशेब तिनं मागचे चार दिवस करून पाहिला होता, आणि चारही दिवस राइलीकडे जायचं धाडस तिला झालं नव्हतं. आता राइली समोरच डाव्या हातानं कप उचलायचा प्रयत्न करत होती, आणि कॉफी बशीत सांडत होती.

"मी झाडली," तायमी म्हणाली.

"काय झाडलं?" क्युलिक्कीनं विचारलं.

"खडी. खराट्यानं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसला आणि लगेच खोकला.

"अडीच किलोमीटर?" राइलीनं विचारलं.

"डाव्या कडेनंच फक्त."

"अगं बाई! मी न्यायला तयार होते ना तुला? रोज नेलं असतं! हा हट्ट तरी कसला?"

"हट्ट नाही. गरम हात त्याला ओळखू येत नाहीत." तायमीनं सगळं सांगितलं: खिडकी, पात्यांचा आवाज, टॉवेलात राहिलेला पाव. ती या गावात एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. शेवटी राइलीकडे वळून म्हणाली, "तुझा हात मोडला तो माझ्यामुळे. रेयोचं काम चोख होतं. माफ कर म्हणत नाही. बरी होईपर्यंत तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायला येईन रोज."

"ये की," राइली फणकाऱ्यानं म्हणाली. "केसही विंचरावे लागतील. आणि माझे केस गुंततात."

कुणीतरी सुचवलं की डावा पट्टा मोकळाच ठेवू या. क्युलिक्कीनं मान हलवली. "उद्या दुसरं कुणी पडेल. खडी कडेपर्यंत टाकायची, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

पहिला हात तायमीचा वर गेला.

रेयो अर्धी कॉफी टाकून उठला आणि निघून गेला. कॉफी अर्धी टाकणं म्हणजे इथे मोठी शिवी. तायमीला वाटलं, ही आपल्याच करणीची भरपाई.

सोमवारी सकाळी तिनं राइलीचे केस विंचरले, नाड्या बांधल्या आणि घरी परत आली. पाव टॉवेलात गुंडाळला खरा, पण न्यायचा कसा हे ठरत नव्हतं. इतक्यात अंगणात ट्रॅक्टरचे दिवे वळले. रेयो खाली उतरला, एक शब्द न बोलता घसरखुर्ची उचलून ट्रॅक्टरच्या पुढच्या, बर्फ काढायच्या फावड्यात ठेवली आणि दोरीनं बांधली.

"बस."

"रागावला नाहीस माझ्यावर?"

"रागावलोय. बस."

"अरे, पण कुठवर?"

"तळ्याच्या वाटेपर्यंत. उतारावर खडी नाही. तिथून तू घसरत जा."

ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये भट्टीसारखं गरम होतं. फाटकातून बाहेर पडताना तायमीनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. रेयोनं तिच्या उघड्या हातांकडे पाहिलं. मग हीटर बंद केला आणि दोन्ही बाजूंच्या काचा उघडल्या. उणे सव्वीसचं वारं आत घुसलं. दफनभूमीच्या वळणापर्यंत रेयोचं नाक पांढरं पडलं, मिशीला बर्फ धरला. त्यानं काच वर केली नाही.

"कानटोपी तरी नीट घाल," तायमी ओरडली.

"रस्ता बघू दे," रेयो म्हणाला.

उताराच्या टोकाशी त्यानं घसरखुर्ची खाली ठेवली. तायमी पात्यावर चढली आणि करकर आवाज करत खाली गेली. विसरलेला थर्मास घेऊन रेयो मागून चालत आला, आणि खोलीच्या दाराशी बुटांचा बर्फ झटकत उभा राहिला.

आर्वोनं तिचे हात हातात घेतले होते आणि तो ते चोळत होता.

"लवकर आलीस आज," तो म्हणाला. "रस्ता कसा होता?"

"चांगला."

"कडेपर्यंत?"

"कडेपर्यंत."

"हल्ली कोण बघतं रस्ता?"

"रेयो," तायमी म्हणाली.

आर्वोनं पावाचा मोठा तुकडा मोडला. "कामाचा माणूस आहे," तो म्हणाला. "त्याला सोडू नका."

रेयोनं थर्मास दाराशीच खाली ठेवला आणि पाठ फिरवून मिशीवरचा बर्फ पुसला. पुसायला त्याला बराच वेळ लागला.