शिवणबाईंच्या माइकची खरखर

आमच्या शेजारच्या शिवणबाईंना नुसत्या नजरेने माप घेता येतं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर, खांदे सगळं मोजून झालेलं असतं. पण गेले दोन महिने त्या एकाच गोष्टीचं माप घेत होत्या. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जावेच्या आवाजाचं.

धाकटीला सुईत दोरा ओवायला यांनीच शिकवलं. आता तीही शिवणकामाचे व्हिडिओ करते, आणि आवाज असा स्वच्छ, की जणू आपल्या शेजारीच बसून सांगतेय. त्यात शिलाई मशिनच्या दुकानदाराने दोघींनाही निरोप दिला, ‘गिऱ्हाइकांसाठी शिवणाचे धडे करायचेत. शुक्रवारपर्यंत एकेक नमुना पाठवा. जिचा चांगला, तिला काम.’ झालं. शिवणबाईंच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला डॉक्टरकडे औषध नव्हतं.

आधी त्यांनी धाकटीच्या तिप्पट मोठा माइक आणला आणि थेट मशिनच्या टेबलावर उभा केला. मी मुद्दाम ऐकायला गेले. बाई सांगत होत्या बाही कशी जोडायची, ऐकू येत होती मालगाडी.

“दमदार आलाय आवाज,” मी म्हटलं.

“हसून घ्या.”

टेबलाची थरथर माइकमध्ये शिरते हे कळल्यावर बाईंनी गुपचूप धाकटीसारखाच कॉलरला लावायचा छोटा माइक आणला. मालगाडी गेली आणि खरखर आली. वाक्यागणिक उंदीर कागद कुरतडतोय असं वाटावं. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, नवऱ्याला बाहेर पिटाळलं. खरखर ढिम्म हलेना.

“तिला ठाऊक असणार कशाने होतंय ते. सांगायची नाही मेली,” बाई म्हणाल्या.

“विचारून तर बघा.”

“मी? तिला? त्यापेक्षा खुणा करून शिकवीन.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. गुरुवारी दुपारी मीच खाली जाऊन धाकटीच्या कानावर घातलं. हातातलं काम टाकून ती वर आली. बाईंकडे क्षणभर पाहिलं, आणि त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी काढून बाजूला ठेवली.

“जाऊबाई, मान हलली की ही माइकवर घासते. मलाही आठ दिवस पत्ता लागला नव्हता.” मग तिने माइक कॉलरवरून काढून हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मधोमध लावला. “हं, बोला आता.”

मोजपट्टीशिवाय बाईंची मान कशी परक्याची दिसत होती. पण बोलल्या, आणि शब्द न् शब्द लख्ख आला.

काम शिवणबाईंनाच मिळालं. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं दुकानदार म्हणाला. मी कौतुक करायला गेले, तर बाई तोंड पाडून बसलेल्या.

“आता काय झालं?”

“माझ्यामुळे मिळालं म्हणून गावभर सांगत सुटेल ती.”

“अहो, तिने कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही.”

“तेच तर. काढला असता, तर भांडता तरी आलं असतं.”