चावीच्या जागी बटण

वेल्डिंगच्या दुकानापुढून जाताना कार्बाइडचा लसणासारखा वास आला आणि शुक्रवार पेठेतलं सासर आठवलं. कार्बाइडच्या गॅसवर जळणारा आमचा पितळी दिवा, घरात वीज आली त्या दिवशी, विजेवर घ्यायचा होता. दिवेलागणीला तो लावून हात जोडायचा मान सासूबाईंचा. मिस्त्री भिंतीवर बटण लावायला निघाला, तशा त्या म्हणाल्या, "भिंतीला हात लावून दिवा लावायचा व्हय? मी न्हाय लावायची."

मी नवी सून, तरी मिस्त्रीला ठणकावून सांगितलं, "दिव्यावरच, गॅसच्या चावीच्या जागी, फिरवायचं बटण बसवा."

संध्याकाळी सासूबाईंनी दिव्याशी जाऊन ते फिरवलं. लख्ख उजेड पडला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "वास तेवढा न्हाय की."

आज भर दुपारी, रस्त्यात, त्या वासाला माझे हात जोडले गेले.