काचेच्या पेटीतला गड्डा

पलूसच्या आकारामतात्यांना हळदीतलं जेवढं कळायचं, तेवढं अख्ख्या तासगाव तालुक्यात कुणाला कळत नसेल. गड्डा नखानं खरवडून ते सांगायचे, हा उगवेल, हा सडेल. त्याच शहाणपणानं त्यांचा घात केला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा मानसिंग पलटणीतून सुट्टीवर आला, तो कलकत्त्याच्या बाजारातून पाण्यात वाढणारं एक झाड ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन. माशांच्या पेटीसाठी त्यानं कुपवाडच्या वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट करून आणली, काचा बसवून फटीत लांबी भरली, तळाला वाळू घातली. झाडाचा बोटाएवढा आडवा गड्डा त्यानं दोऱ्यानं दगडाला बांधून पाण्यात सोडला. सोबत सोडलेले मासे महिन्याभरात मेले. झाड राहिलं. दोन-दोन महिन्यांनी त्याला एखादं पान यायचं.

"ह्येला पान फुटंस्तवर आमची म्हस व्याली की रं!" तात्या मला, शेजारच्याला, हसून सांगायचे.

डिसेंबरात युद्ध झालं आणि तार आली. मानसिंग बेपत्ता. मेला म्हणावं तर तसं नाही, जिवंत म्हणावं तर तसंही नाही. त्याच आठवड्यात झाडाला नवं पान दिसलं. आई येसूबाई काचेला हात लावून म्हणाल्या, "जिता हाय माझा."

तेव्हापासून ते झाड म्हणजेच मानसिंग. बहात्तरच्या दुष्काळात येसूकाकी मैलभरावरून पाणी आणून आधी पेटीत ओतायच्या. लोक हसायचे. त्यांना मी तेव्हाही सुनावलं होतं. काकींचं रडणं मी भिंतीपलीकडून ऐकायचो. तात्या तसे देवभोळे नव्हते, पण रानातून आले की तेही पानं मोजायचे.

चौऱ्याहत्तर साली हळदीची लागण करून तात्या आले, ते चिखलाच्या हातांनी थेट पेटीपाशी. दोरा कुजून तुटला होता आणि गड्डा दगडावर उघडा पडला होता. चाळीस वर्षं हळद लावलेल्या माणसाला ते बघवेना.

"उगडा पडलाय गं बिचारा," म्हणत त्यांनी तो वाळूत चांगला चार बोटं खोल पुरला आणि वरून थापटलं. येसूकाकींनाही बरं वाटलं.

महिन्याभरात पानं पिवळी पडून सुटायला लागली. वाळू उकरली, तर गड्डा लिबलिबीत झालेला, घाण वास मारत होता. तो फडक्यात घेऊन आम्ही दोघं एसटीनं मिरजेला गेलो. तिथल्या एका डॉक्टरांनी घरी मासे पाळले होते, त्यांच्या पेटीत अशीच झाडं होती. ते सहज बोलून गेले, "हा पुरायचा नसतो हो. पुरला की कुजतो."

घरी आल्यावर तात्यांनी बायकोला खरं तेच सांगितलं. मला वाटलं, काकी आकांत करतील. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "आता पोराचं दिवस घाला." अडीच वर्षं ज्यांनी कुणाला 'मानसिंग लय चांगला व्हता' एवढंही म्हणू दिलं नव्हतं, त्या असं म्हणाल्या.

कृष्णेच्या काठी भटजींनी गेल्याची तिथी विचारली. सरकारी कागदात ती नव्हती. "मग अमावास्या धरू," भटजी म्हणाले.

"न्हाई. आखिती," तात्या खेकसले.

"अहो, युद्ध तर डिसेंबरात झालं."

"मी सांगतोय न्हवं? आखितीला ग्येला त्यो. ह्या हातानं पुरलाय मी त्येला."

आखिती म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे हळद लावतात. भटजींना काहीच उमगलं नाही, पण त्यांनी तीच तिथी धरली.