धाकटीच्या नावाची बियर

अर्जुनाबाईंना बियरचा राग नव्हता, राग होता बाटलीवरच्या नावाचा.

आष्ट्याच्या शिवारात, जिथं पूर्वी घरचं गुऱ्हाळ चालायचं त्याच शेडात, नातीनं, सृष्टीनं, रीतसर परवाने काढून बियरचा छोटा कारखाना टाकला. गावानं आधी नावं ठेवली, मग गाव तिथंच बसायला लागलं. अर्जुनाबाईंचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पण काकवी घालून वर्षभर लाकडी पिंपात मुरवलेल्या कडक बियरला पोरीनं नाव दिलं ‘रंगू’. रंगूबाई म्हणजे सृष्टीची सख्खी आजी आणि अर्जुनाबाईंची धाकटी जाऊ. जन्मात ताकापलीकडं काही न चाखलेली बाई.

“तुझं नाव लेबलावर मावत न्हाई, मोठी आजी,” सृष्टी म्हणाली होती. अर्जुनाबाईंच्या ते डोक्यात बसलं. मावत नाही म्हणे. मावायला काय, चोळी शिवायची होती का त्याला?

गुऱ्हाळ चालू होतं तेव्हा प्रत्येक काहिलीतला गूळ आधी अर्जुनाबाईंच्या जिभेवर जायचा. त्या ‘करपलाय’ म्हणाल्या की नवरा, दीर, गुळव्या, कुणी हुज्जत घालायची नाही. तो गूळ बाजारी जात नसे, म्हशींपुढं जाई. सृष्टीला मांडीवर घेऊन काकवीतलं आंबट, खारट, जळकं ओळखायला त्यांनीच शिकवलं. रंगूबाईंनी काय केलं? पोरीच्या वेण्या घातल्या. आणि नाव वेणी घालणारीचं.

रविवारी सकाळी पिंप उघडायचं ठरलं. भावकी जमली, रहिमतपूरची विहीणबाई आली, आणि सगळं पिंप उचलायला तयार असलेला सांगलीचा एक हॉटेलवाला आला. रंगूबाई नवं इरकल नेसून बसल्या होत्या.

“आक्का, तुमी म्होरं बसा. मला काय कळतंय त्यातलं?”

हे तिचं नेहमीचंच. चांगुलपणा असा करायचा की समोरच्याला उघडपणे दातओठसुद्धा खाता येऊ नयेत.

सृष्टीनं पहिला ग्लास आणला. काकवीसारखा काळपट, वर बोटभर फेस. “आधी तू, मोठी आजी.”

अर्जुनाबाईंनी घोट घेतला. या पिंपात आधी कवठे महांकाळकडच्या द्राक्षांची वाईन मुरली होती, तिचा मनुकांसारखा वास आला. मग जुन्या लाकडाचा. मग करपायच्या अगदी आधी उतरवलेल्या काकवीची गोडी, आणि गिळल्यावर छातीत ऊब. इतकं नेमकं त्यांनी स्वतःच्या काहिलीतही कधी चाखलं नव्हतं. तेवढ्यात नजर लेबल लावून मांडलेल्या रिकाम्या बाटलीवर गेली. रंगू.

“करपलंय,” त्या म्हणाल्या.

सृष्टीनं स्वतः घोट घेतला, परत घेतला. “मला तर...” म्हणाली आणि तिनं ग्लास खाली ठेवला. तिची जीभ याच बाईनं घडवली होती. “काकवी बुडाला लागली असंल. बिरदेवमामा, तळाचं बूच काढा. मोरीत वता.”

बिरदेव कारखान्यात कामाला. तो लाकडी मोगरी घेऊन पिंपाशी गेला. हॉटेलवाला चपापला. “अहो, मला आवडलीय की.”

“मोठी आजी करपलंय म्हणाली की या शेडातनं माल भायेर जात न्हाई. कवाच गेला न्हाई.”

अर्जुनाबाईंना वाटलं होतं, पोरगी भांडेल, फार तर नाव काढेल. वर्षभराचं काम मोरीत जाईल हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी जावेकडं पाहिलं. रंगूबाईच बोलल्या. “वता. आक्कांची जीभ कवा चुकली न्हाई.”

मोगरी वर गेली.

“थांब रं,” जावेवरची नजर न हटवता अर्जुनाबाई म्हणाल्या. “करपलं न्हाई. लय चांगली झालीय. नाव हिचं दिलंस म्हणून मी खोटं बोलले.”

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, आत हसू असणार. सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज थंडच होता.

“मोठी आजी, आता तू चांगली म्हणतीस. पण मी कोणचं खरं धरू?”

जन्मभर अर्जुनाबाईंचा एक शब्द पुरायचा, आज दोन झाले आणि दोन्ही वाया गेले.

रंगूबाई उठल्या. ग्लास घेतला, देवाला हात जोडले आणि जन्मातला पहिला घोट घेतला. तोंड वाकडं झालं. “कडू हाय बाई. पर आक्का आत्ता खरं बोलत्यात. खोटं बोलताना त्या माज्याकडं बघत न्हाईत. इतकी वर्सं एका घरात काढली, मला म्हाईत हाय.”

बिरदेवनं मोगरी खाली ठेवली. हॉटेलवाल्यानं पिंप ठरवून टाकलं.

मग शेडभर एकच चर्चा. रंगूबाईंचं मन केवढं मोठं. विहीणबाई तर तीनतीनदा म्हणाली. अर्जुनाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी बिरदेवकडून आणखी एक ग्लास मागून घेतला. बियर पहिल्याइतकीच चांगली लागली, आणि त्यानं त्यांचा जास्तच जळफळाट झाला.