दोन सारखे ग्लास

मला खोटं बोलता येत नाही, असं मी वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आले. सांगताना मान जरा ताठ व्हायची. आता हेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं तरी माझं डोकं उठतं.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी पॅकिंगच्या नोंदी ठेवते. माझी मैत्रीण शेजारच्या टेबलावर टॉवेल तपासायची. सुटलेला धागा, डाग, वाकडी किनार तिच्या नजरेतून सुटायची नाही. माझ्याहून सात वर्षांनी लहान, घरात कानडी बोलणारी, नवऱ्याचं घर सोडून भावाकडं राहिलेली. मला अक्का म्हणायची. नऊ वर्षं आम्ही डबे एकत्र उघडले.

ती गायची. टॉवेल उलटेपालटे करता करता गुणगुणत असायची, पण माग धडधडत असल्यामुळं मला निम्मंच ऐकू यायचं. विजापूर रोडला एका गच्चीवर नवीन ठिकाण निघालं. शनिवारी लाइव्ह म्युझिक, कॉकटेल, असा बोर्ड लागला. येता-जाता तो बोर्ड बघून तिनं मनाशी ठरवूनच टाकलं.

"अक्का, एकदा समोर बसून गाणं ऐकायचं की. पडद्यामागनं न्हाय."

पडद्यामागनं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. सोलापुरात प्यायच्या जागांना कधी तोटा नव्हता. पण हॉल पुरुषांचा, आणि बायकोपोरं बरोबर असली की 'फॅमिली सेक्शन'. तिथं पांढरी ट्यूबलाइट, भिंतीवर धबधब्याचं पोस्टर, आणि मध्ये पार्टिशन. पलीकडं कुणी गात असलं तर आम्ही नुसतं ऐकायचं. गाणारा कसा दिसतो, हे आमचे नवरे घरी आल्यावर सांगणार, तेही त्यांच्या लक्षात राहिलं असलं तर.

मैत्रिणीबरोबर जेवायला जाते, असं घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

दारातल्या माणसानं आम्हाला बघितलं, मग आमच्या मागून कुणी पुरुष येतोय का ते बघितलं.

"मॅडम, फॅमिली सेक्शन तिकडं हाय."

"आमी फॅमिली न्हाय," ती म्हणाली. "आमी दोघी हाय."

आणि सरळ गाणाऱ्याच्या समोरच्या टेबलावर जाऊन बसली. मी तिच्या मागं, पदर सावरत. तिनं मेन्यूतला मोजिटो मागवला. मला नको म्हटलं, तर म्हणाली, "मग तुला बिनदारूचा. दिसायला सेम असतंय. कुणाला काय कळत न्हाय." वेटर त्याला व्हर्जिन मोजिटो म्हणाला, तेव्हा दोन पोरांच्या आईपुढं 'कुमारी' मोजिटो ठेवणार म्हणून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोन्ही ग्लास आले. तोच पुदिना, तोच बर्फ, काठावर तीच लिंबाची चकती. सोबत दगडी पाटीवर कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी. घरी हेच पुढं केलं की आमची पोरं नाक मुरडतात.

मला फार आवडलं तिथं. हे कबूल केलं पाहिजे. वारा होता, बारके दिवे होते, आणि घरी कुणाला काय वाढायचं हे तासभर डोक्यात आलं नाही. गाणारा गिटारवर जुनी हिंदी गाणी म्हणत होता. ती प्रत्येक ओळ त्याच्याबरोबर म्हणायला लागली, तेव्हा त्यानं हसून माइक तिच्यापुढं धरला. मला वाटलं, लाजेल. तिनं लग्नात बायका म्हणतात ते एक कानडी गाणं म्हटलं, नवरदेवाची टिंगल करणारं. आमच्याकडं निम्म्या लोकांना कानडी कळतं. टेबलं हसायला लागली, टाळ्यांचा ठेका धरला. नऊ वर्षं जे मी निम्मं ऐकलं होतं, ते पुरं ऐकलं. साडेनऊला आम्ही घरीही पोचलो होतो.

सोमवारी संध्याकाळी माझ्या चुलत दिरानं व्हिडिओ आणून दाखवला. हा मागच्याच टेबलावर बसला होता, हातातला ग्लास खाली ठेवून त्यानं आमचं शूटिंग केलं होतं. त्याच्या ग्लासात काय होतं, हे आमच्या घरात कुणीही विचारलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. आमचे हे दर शनिवारी कुठं बसतात तेही कुणी विचारत नाही.

"ह्ये काय हाय?" सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी टीव्ही बंद केला. थोरली मुलगी दारात उभी होती.

मी घाबरले. आणि घाबरून खरं बोलले.

"माझ्या ग्लासात नुसतं लिंबू-पुदिना होतं. प्यायली ती."

खोलीतली हवाच सैल झाली. सासूबाई म्हणाल्या, "मला ठावंच होतं. आमची सून तसली न्हाय." ह्यांनी टीव्ही लावला. मी चहा टाकला. मी नामानिराळी झाले, आणि त्या क्षणी मला हलकं वाटलं. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

सासूबाईंनी त्याच रात्री तिच्या भावजयीला फोन केला. दोनच गल्ल्यांचं अंतर, आणि भावजय बरीच वर्षं असल्या फोनची वाट बघत असावी. आठवड्याभरात भावानं तिची नोकरी बंद केली. ज्या नवऱ्याला सोडून ती आली होती, त्यालाच भावानं बोलावून घेतलं.

डबा आणि कात्री न्यायला ती कारखान्यात आली. मी रडत होते. ती रडत नव्हती.

"मी खोटं काही सांगितलं नाही गं," मी म्हणाले.

"व्हय, खरंच हाय. मी प्याले." तिनं कात्री रुमालात गुंडाळली. "पर अक्का, व्हिडिओ तू नीट बघितलास का? दोनी ग्लास सेम हायत. दोनी लिंबाचे, म्हणली असतीस तर कुणाला कळणार होतं?"

मी तो व्हिडिओ नंतर बघितला, पुष्कळदा बघितला. कुठला माझा, कुठला तिचा, मलासुद्धा सांगता येत नाही.

पुढं चार महिन्यांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला हे सगळ्यांना घेऊन त्याच गच्चीवर गेले. चुलत दीरही होता. बसलो अर्थातच फॅमिली सेक्शनमध्ये. ह्यांनी स्वतःला आणि त्याला मागवली. माझ्यापुढं वेटरनं न विचारताच लिंबू-पुदिना ठेवला. पार्टिशनच्या पलीकडं कुणीतरी गात होतं. बाई होती एवढं कळलं.

"वहिनी," चुलत दीर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "तुमची ती मैत्रीण काय करती हो आता?"

तिचा फोन तीन महिने बंद होता.

"माहीत नाही," मी म्हणाले. तेही खरंच होतं.