उन्हातलं उलट उत्तर

चंद्रपूर सोडलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि बस स्टँडवरचं सिमेंटचं बाकडं अजून बसण्यासारखं झालं नव्हतं. आम्ही तिघंही उभेच होतो. आईने माझी पांढरी ओढणी एकदा सोडली आणि पुन्हा बांधली, फक्त डोळे उघडे राहतील अशी. बाबा लाइनमन आहेत. पंचवीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून उन्हाबद्दल जे काही कळलं ते त्यांनी मला दोन वाक्यांत देऊन टाकलं. "तहान लागाच्या आधी पाणी प्याचं. अन् उन्हात जास्त बोलाचं नाही, तोंड सुकते." दुसरं वाक्य माझ्या बाबतीत वायाच होतं. मी सावलीतसुद्धा फारशी बोलत नसे.

आमच्या गल्लीतल्या ज्या मैत्रिणी अजून तिथेच आहेत, आणि ज्या माझ्यासारख्याच पुण्याला, हैदराबादला, कुठे कुठे गेल्या, त्या सगळ्यांना आपली दुपार आठवत असेल. सकाळी नऊलाच खिडक्या बंद. कूलरच्या वाळ्यावर पाणी. घरात संधिप्रकाश, आणि चार वाजेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. मला वाटायचं, उन्हाळा म्हणजे हीच शांतता. इंग्रजी शाळेतून आलेल्या, मराठीत चटकन बोलता न येणाऱ्या मुलीला ती फार सोयीची होती.

पुण्यात बिबवेवाडीत खोली मिळाली, वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. घरमालकीण काकूंना मी कूलर लावू का म्हणून विचारलं. "कूलर?" त्या म्हणाल्या. "अहो, हे पुणे आहे. इथे खिडकी उघडतात." मी मान डोलावली आणि वर खोलीत आले. त्यावर काय म्हणता आलं असतं ते मला दोन तासांनी सुचलं, तेही इंग्रजीत.

नोकरी फळं विकणाऱ्या एका ॲपची. काम मार्केट यार्डात. गाडीतून माल उतरत असताना त्यातली काही फळं कापायची, गोडी मोजायची, टॅबलेटवर आकडे भरायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे मुख्यतः कलिंगडं. आपल्याकडच्या सत्तेचाळीस डिग्रीत वाढलेली मी, इथलं ऊन मला काय करणार, असं मनातल्या मनात म्हणतच मी पहिल्या दिवशी गेले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. चंद्रपुरात मी उन्हापासून लपायला शिकले होते. उन्हात काम करणं वेगळं.

ते ज्यांना येत होतं ती सात हमालांची टोळी होती. मुकादम तात्या. साठीच्या आसपासचे, कात्रजच्या बाजूच्या एका गावातले, जे गाव आता शहराच्या पोटात गेलंय. कलिंगडाची गाडी रिकामी करणं मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. दोघं आत, एक गाडीच्या तोंडाशी, बाकीचे खाली रांगेत. कलिंगड एका हातातून दुसऱ्याच्या हातात उडत जातं, आणि एकही पडत नाही. आमच्या गाड्या पत्र्याच्या बंद डब्याच्या असतात. आत भट्टी. म्हणून तात्यांचा नियम होता, एक फेरी आत, मग दोन फेऱ्या सावलीत. डोक्यावर ओलं गोणपाट. आणि या सगळ्याच्या जोडीला अखंड बडबड.

"सोप्या, कलिंगड हाय ते, सासूबाई न्हाई, इतकं जपून नको धरू."

"तुम्ही झेला आधी तात्या, हात थरथरत्यात तुमचे."

सोपान हा टोळीतला सगळ्यात तोंडाळ. तासन्‌तास हे असं चालायचं. मला वाटलं, ही माणसं किती शक्ती वाया घालवतात. बाबांचं वाक्य त्यांना सांगावंसं वाटायचं, पण सांगणार कोण?

तिसऱ्या दिवशी तात्यांनी मला विचारलं, "काय मॅडम, तुमच्याकडं म्हनं पाखरं भाजूनच पडत्यात झाडावरनं? तिखटमीठ घिऊनच बसता का खाली?" मी काहीच बोलले नाही. हसले होते, पण ओढणीआड ते कुणाला दिसलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि एकदम ओरडले, "गाडी थांबवा रं! मॅडमला ऊन लागलं!" पुढच्या मिनिटभरात मी एका गाळ्याच्या सावलीत क्रेटवर बसले होते, डोक्यावर कुणाचं तरी ओलं फडकं होतं, आणि सात माणसं माझ्याकडे काळजीने पाहत होती.

"मला काही झालं नाही," मी म्हणाले.

"मग उत्तर का दिलं न्हाई?" तात्या म्हणाले.

मला लाज वाटली आणि त्याच वेळी सगळं समजलं. टोळीची ती बडबड गंमत तर होतीच, पण कामाचा भागही होती. प्रत्येकाला दर काही मिनिटांनी डिवचायचं. जो उलट उत्तर देतो तो शाबूत. ज्याचं उत्तर उशिरा येतं त्याला पाणी. ज्याचं येतच नाही त्याला गाडीतून खाली. तात्या शाळेत गेले नव्हते, थर्मामीटर त्यांनी दवाखान्यातच पाहिला असेल. पण ऊन चढू लागलं की माणसाचं आधी डोकं मंदावतं, पाय नंतर, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि डोकं तपासायचा याहून स्वस्त उपाय मी अजून पाहिलेला नाही.

"तुमचं अवघड हाय," ते मला म्हणाले. "तुमी तर रोजच गप."

हे झालं पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पुणंही चंद्रपूर झालं. फोनवरचा आकडा चाळिशीच्या वर जाऊन बसला. काकूंनी बेडरूममध्ये एसी बसवला आणि मला सांगितलं, "हा पाहुण्यांसाठी आहे." त्या आठवड्यात टोळीतले दोघं गावी गेले होते. पाच माणसांत दोन फेऱ्यांची सावली बसत नव्हती. तात्यांनी तो हिशेब स्वतःच्या अंगावर घेतला. इतरांना सावलीत बसवून ते लागोपाठ तीनदा आत गेले.

तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा सोपान म्हणाला, "तात्या, आत काय लगीन जमवताय का कलिंगडांचं?"

तात्या बोलले नाहीत. सकाळी दोघांचं चहावरून वाजलं होतं. सोपान बाकीच्यांना म्हणाला, "रुसलंय म्हातारं." सगळे हसले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. गेली कित्येक वर्षं तात्याच सगळ्यांना तपासत आले होते. तात्यांना तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी दहा फुटांवर बसले होते. गप्प बसणाऱ्या माणसाला एक कळतं, ते म्हणजे दुसऱ्याचं गप्प बसणं कुठल्या जातीचं आहे. रुसलेला माणूस दुसरीकडे बघतो. तात्या कुठेच बघत नव्हते. मी टॅबलेट घेऊन त्यांच्याजवळ गेले, रोजच्यासारखी सही घ्यायला. त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू कुनाची गं?" त्यांनी विचारलं. वर्षभरात त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. कपाळ लालबुंद होतं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. ते वळले आणि पुन्हा गाडीच्या फळीवर पाय ठेवू लागले.

तेव्हा मी ओरडले. पुण्यात आल्यापासून मी घासूनपुसून बोलायची ती मराठी त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. "अरे पकडा ना त्याइले! तात्याइले पकडा! रुसले नाहीत ते!"

सोपानच्या हातातलं कलिंगड खाली फुटलं. मी पाहिलेलं पहिलंच. त्याने तात्यांना मागून कवेत धरलं. आम्ही त्यांना सावलीत आडवं केलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायला निघालं, मी तो हातातून ओढून त्यांच्या अंगावर ओतला. शुद्ध नीट नसलेल्या माणसाला पाजायचं नाही, भिजवायचं, हे बाबांच्या एका सोबत्यावर बेतलं होतं तेव्हा घरात ऐकलेलं. गोणपाटं, माझी ओढणी, शेजारच्या गाळ्यावरचा बर्फ, जे मिळेल ते मानेवर, काखेत लावलं. दोघं पुठ्ठ्यांनी वारा घालत होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोपान तात्यांच्या कानाशी एकसारखा बोलत होता, "तात्या, शिवी द्या. एक शिवी द्या मला. काय बी बोला." तात्या नुसते कण्हत होते. मी तेव्हा पहिल्यांदा त्या टोळीला शांत पाहिलं, आणि ती शांतता मला सहन झाली नाही.

चार दिवस ते दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला तिच्या हातच्या सलाइनवरून टोमणा मारला, तेव्हा सोपान व्हरांड्यात जाऊन रडला. डॉक्टरांनी सांगितलं, या मोसमात उन्हात पाऊल नाही.

मग तात्यांचा फोन आला. "मॅडम, टोळी तुमच्याकडं. पोरं एकमेकांना बोलत्यात, पर कामाच्या नादात इसरत्यात. तुमी बसूनच असता. रोज एकेकाला डिवचायचं."

"तात्या, मला नाही जमणार. सोपानला सांगा."

"सोप्या आत असतो. आतल्याला आपलं काय झालंय ते कळत न्हाई. मला कुटं कळलं?"

मी त्या संध्याकाळी वहीत पाच टोमणे लिहून काढले. दुसऱ्या दिवशी त्यातला पहिला वाचल्यासारखा म्हटला: "सोपानराव, आज काम जरा हळू चाललंय."

सगळे निमूटपणे वेगाने कलिंगडं फेकू लागले. त्यांना वाटलं, कंपनीच्या मॅडमची तक्रार आहे. मी माणसांना तपासायला निघाले होते आणि त्यांना उन्हात पळायला लावलं होतं. मी वही मिटली आणि जे तोंडात आलं ते बोलले. "अहो थांबा! तात्यांची टोळी म्हणे! आमच्याकडच्या म्हशी उन्हात यापेक्षा बऱ्या दिसतात!"

गाडीच्या आतून सोपानचा आवाज आला, "मग म्हशीच लावा मॅडम कामाला. त्यास्नी चहा लागत न्हाई." दुसरा म्हणाला, "त्याइले विचारा आधी!" माझीच बोली, माझ्याच तोंडावर. हशा उसळला, आणि मी टॅबलेटवर खूण केली: सोपान ठीक, त्याचा शेजारी ठीक.

मे महिना आम्ही असा काढला. दोनदा मी सोपानलाच खाली उतरवलं. "मी बरा हाय," तो चिडून म्हणाला. "उत्तर उशिरा आलं," मी म्हणाले. तो पाय आपटत सावलीत गेला आणि दोन तांबे पाणी प्यायला. त्या मोसमात आणखी कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. जूनमध्ये तात्या यार्डात आले, काठी टेकत, दुपार टळल्यावर. टोळीला नीट निरखून घेतलं, मग मला म्हणाले, "आवाज लई वाढलाय म्हनं तुमचा." मी म्हणाले, "तुमच्या पोरांचे कान जुने झालेत, काय करू?" उत्तर लगेच आलं होतं, आणि मराठीत.

आई फोनवर अजून विचारते, करमतं का तिथे, घरी कधी येतेस. चंद्रपूरच्या त्या मुक्या दुपारी ती दर तासाला उठायची आणि आमच्या कपाळाला हात लावून परत आडवी व्हायची, शब्दही न बोलता. मला पोरवयात तो नुसता चाळा वाटायचा. आता कळतं की तीही हजेरीच घेत होती. इथे हाताऐवजी टोमणा असतो, एवढाच फरक. जिथे आपल्याकडून उत्तर आलं नाही तर हातातलं काम टाकून कुणीतरी बघायला येतं, तिथे मी घरी असते. अशा माझ्या आता दोन जागा आहेत, आणि दोन्हीकडचं ऊन वाईट आहे.